नदीखोरी आणि पठारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पठार कशाला म्हणायचे? ठरावीक उंचीची अट असते का?

उंचीची अट नाही. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, माथा बऱ्यापैकी सपाट आणि निदान एका बाजूला कडा किंवा तीव्र उतार, एवढे जुळले की ते पठार. ‘३०० मीटरच्या वर असेल ते पठार’ हे पाठ केलेले वाक्य फसवते. अमेरिकेतील ग्रेट प्लेन्सचा पश्चिम भाग १,५०० मीटरच्या आसपास पोहोचतो, तरी ते मैदानच. कारण तिथपर्यंतची चढण इतकी सावकाश आहे की मध्ये कुठे कडा लागतच नाही. तिबेटचे पठार सरासरी ४,५०० मीटरच्या वर आहे, दख्खनचा मोठा भाग ३०० ते ९०० मीटरच्या दरम्यान येतो, आणि दोन्ही पठारेच.

‘सपाट’ हा शब्दही ताणून वापरू नये. जुन्या पठारांवर ओढे, टेकाडे, खोलगट भाग भरपूर असतात. उभे राहून चारी बाजूंना पाहिले आणि दूरचे माथे साधारण एकाच पातळीत दिसले, तर मधल्या दऱ्या कितीही खोल असोत, आपण कोरल्या गेलेल्या पठारावर आहोत.

खोरे, दरी, घळई, पाणलोट क्षेत्र यांत फरक काय?

दरी म्हणजे दोन उतारांमधला लांबट खोलगट भाग. घळई म्हणजे अरुंद, जवळजवळ उभ्या भिंतींची दरी. खोरे मात्र याहून बरेच मोठे: ज्या प्रदेशावर पडलेले पाणी शेवटी एकाच नदीला मिळते तो सगळा प्रदेश, त्यातली पठारे, डोंगरउतार आणि दऱ्या धरून. पाणलोट क्षेत्र हीच कल्पना कुठल्याही ओढ्याला किंवा बंधाऱ्याला लावता येते. दोन खोऱ्यांमधली सीमा म्हणजे जलविभाजक, आणि तो नेहमी डोंगराच्या उठावदार धारेवरूनच जातो असे नाही. सपाट पठारावर जलविभाजक एखाद्या माळावरून इतका बेमालूम जातो की जागेवर उभे राहून ओळखता येत नाही.

सपाट पठारावर नदी इतकी खोल दरी कशी कोरते?

नदीची कोरण्याची ताकद तिच्या उतारातून आणि पाण्याच्या प्रमाणातून येते. पठाराच्या मध्यावर उतार कमी असतो, म्हणून तिथे ती संथ, उथळ आणि रुंद वाहते. कड्याजवळ उतार एकदम वाढतो आणि कोरण्याचे काम तिथे सुरू होते. तिथून झीज उगमाच्या दिशेने मागे सरकते. पठाराला दरी वरून खाली पडत नाही, कडेकडून आत शिरते. पठार आणि दरी यांना दोन वेगळी भूरूपे समजून पाठ केले की पुढचे बरेच काही कळेनासे होते. दरी ही त्याच पठाराची चालू असलेली झीज आहे.

ही दरी किती खोल जाईल हे तळपातळी ठरवते. नदी ज्या पातळीला जाऊन मिळते (समुद्र, सरोवर, मोठी नदी) तिच्याखाली ती कोरू शकत नाही. म्हणून पठार उचलले गेले किंवा समुद्राची पातळी घटली की थकलेली नदी पुन्हा खोदायला लागते.

दरीचा आकार कसा होईल ते खडक आणि हवामान ठरवतात. नदी स्वतः मुख्यतः तळ खोल करते. बाजूच्या भिंती रुंद होतात त्या पाऊस, ओघळ, दरडी आणि खडक फुटण्यामुळे. कोरड्या प्रदेशात हे दुसरे काम मंद चालते, म्हणून भिंती उभ्या राहतात. कोलोरॅडो पठारावरची ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १,८०० मीटरहून खोल आहे. पठार उंच, नदीला पाणी दूरच्या बर्फाळ डोंगरांतून मिळणारे आणि आसपास पाऊस तुटपुंजा, हे तिन्ही एकत्र आल्याने ती तशी घडली. तेच पठार भरपूर पावसाच्या प्रदेशात असते तर दरीच्या भिंती कलल्या असत्या, माती आणि झाडीने झाकल्या गेल्या असत्या.

दरीच्या भिंतींना पायऱ्या का पडतात?

खडकाचे थर आडवे असतील आणि त्यांचा कणखरपणा सारखा नसेल तर पायऱ्या पडतात. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा कललेला उतार. दख्खनमध्ये सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यातला घट्ट बेसॉल्ट उभा तुटतो. त्यावरचा सच्छिद्र, पोकळ्यांचा भाग लवकर झिजतो. सह्याद्रीच्या कड्यांवर गवताचे पट्टे आणि काळे कातळ आलटून पालटून दिसतात ते यामुळे. किल्ल्यांच्या माच्याही बहुधा याच सपाट पायऱ्यांवर बांधलेल्या असतात.

धबधबे पठाराच्या कडेलाच का जास्त?

उताराचा भंग तिथे असतो म्हणून. कर्नाटकातली शरावती पठारावरून पश्चिमेला उतरताना जोग येथे सुमारे २५३ मीटर खाली पडते. धबधबा कायम एका जागी राहत नाही. तळाशी आदळणारे पाणी खालचा मऊ थर पोखरते, वरचा कठीण थर लोंबकळत राहतो आणि तुटतो. की धबधबा एक पाऊल मागे. नायगारा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत असा जवळपास ११ किलोमीटर मागे सरकला आणि जाताना मागे घळई सोडत गेला.

सगळ्या दऱ्या नदीनेच कोरलेल्या असतात का?

नाही, आणि इथे सर्वांत जास्त गल्लत होते. दरीत नदी वाहते याचा अर्थ ती दरी नदीने केली असा नाही. ओळखण्याच्या काही खुणा:

नदीने कोरलेली दरी वरच्या टप्प्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. दोन्ही बाजूंच्या डोंगरसोंडा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, त्यामुळे दरीत सरळ लांबवर नजर जात नाही.

हिमनदीची दरी ‘यू’ अक्षरासारखी: तळ रुंद, भिंती उभ्या, सोंडा कापून टाकलेल्या. उपदऱ्या मुख्य दरीच्या तळापर्यंत न येता वरच अधांतरी संपतात आणि तिथून धबधबा पडतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीतला १८८ मीटरचा ब्रायडलव्हेल हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

खचदरी प्रस्तरभंगामुळे (खडक भेगेवरून तुटून सरकल्याने) मधला भाग खाली गेल्याने बनते. तिच्या कडा शेकडो किलोमीटर सरळ रेषेत जातात, तळाची रुंदी नदीच्या मानाने फार मोठी असते, कडेला कधी गरम पाण्याचे झरे सापडतात. नर्मदा (१,३१२ किलोमीटर) आणि तापी (७२४ किलोमीटर) या भारतीय द्वीपकल्पातल्या इतर मोठ्या नद्यांच्या उलट पश्चिमेला वाहतात, कारण त्यांनी अशा खचलेल्या पट्ट्यांचा रस्ता धरला. नर्मदेच्या मुखाशी मोठा त्रिभुज प्रदेश नाही, खाडी आहे.

एक खूण कधीच पुरेशी धरू नये. नदीने कोरलेली दरीही प्रस्तरभंगाच्या भेगेवरून गेली तर सरळ दिसते. भेगेतला खडक आधीच चुरलेला असल्याने नदी तोच मार्ग निवडते. कोयना नदी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला जवळजवळ सरळ वाहून हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. असे एकाएकी आलेले काटकोन दिसले की खडकातल्या भेगांचा संशय घ्यावा.

गोदावरी अरबी समुद्राजवळ उगम पावून बंगालच्या उपसागराला का जाते?

त्र्यंबकेश्वरचा उगम अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर, आणि तिथून नदी १,४६५ किलोमीटर पूर्वेला. नदी जवळचा समुद्र शोधत नाही, उतार शोधते, आणि दख्खनच्या पठाराचा कल पूर्वेकडे आहे. पश्चिमेची कडा उंच आणि तुटलेली, पूर्वेचा उतार लांब आणि सौम्य. असमान पठारावर जलविभाजक उंच कडेला चिकटून बसतो.

पण तो तिथेच राहत नाही. कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि फार तीव्र उताराच्या असतात, त्यांची कड्याकडची झीज वेगवान असते. कडा पूर्वेला सरकतो आणि पठारावरच्या नद्यांचे उगम खाल्ले जातात. एखादी तीव्र नदी अशी मागे सरकत दुसरीच्या पात्रापर्यंत पोहोचली की तिचे पाणीच पळवते. याला नदीचौर्य म्हणतात. खुणा तीन: पळवणाऱ्या नदीला कोपरासारखे वळण, गमावलेल्या नदीची दरी रुंद पण पाणी किरकोळ, आणि मधोमध नदी नसलेली खिंड.

खोल घळईत नागमोडी वळणे कशी? ती तर मैदानातली खूण ना?

हो, म्हणूनच ती महत्त्वाची. वळणे सपाट भागात आधी पडली, नंतर जमीन उचलली गेली किंवा तळपातळी खाली गेली आणि नदी तीच वळणे धरून खाली उतरली. अमेरिकेच्या युटा राज्यात सान हुआन नदीची अशी वळणे ३०० मीटरहून खोल आहेत. मैदानात मोकळ्या वळणाची एका लाटेची लांबी साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट असते. घळईतली वळणे आजच्या पात्राच्या मानाने अवाढव्य असतील, तर ती घडली तेव्हा नदीला पाणी जास्त होते असा अंदाज करता येतो. अंदाजच; कणखर खडक हे गुणोत्तर बिघडवतो.

पठार आणि दऱ्या हवामान कसे बदलतात?

उंचीचा हिशेब सोपा: दर १,००० मीटरला हवा सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड. पायथा १०० मीटरवर आणि पठार ९०० मीटरवर असेल तर सुमारे ५ अंशांचा फरक.

पावसाचे गणित कडेवर अवलंबून. बाष्पाने भरलेला वारा कड्याला अडून वर चढतो, थंड होतो, तिथेच पाऊस टाकतो. मेघालय पठाराच्या दक्षिण कडेवरचे मौसिनराम आणि चेरापुंजी वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस घेतात. कडा ओलांडून आत गेले की वारा खाली उतरतो, तापतो आणि कोरडा होतो. महाबळेश्वर ते वाई हे अंतर रस्त्याने एका तासाच्या आसपासचे, पण पाऊस काही पटींनी घटतो. म्हणून पठारी प्रदेशाची ‘सरासरी पर्जन्यमान’ ही एकच संख्या वापरून नियोजन करू नये. कडेचे, मधले आणि पर्जन्यछायेतले केंद्र वेगळे घ्यावे.

तिबेटसारखे प्रचंड पठार मोसमी वाऱ्यांवरही परिणाम करते. ते उत्तरेची थंड हवा अडवणारी भिंत म्हणून जास्त महत्त्वाचे की उन्हाळ्यात उंचावर तापणारा पृष्ठभाग म्हणून, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

दरीत मात्र रात्री उलटे घडते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उतारावरची हवा थंड आणि जड होऊन तळाशी साचते. दरीचा तळ उतारापेक्षा गार पडतो, सकाळी धुके आणि धूर तिथेच अडकून राहतो. गोठलेल्या दवाने करपणारी फळझाडे तळाशी लावली तर नुकसान होते आणि दोष रोपांना दिला जातो; तीच झाडे उताराच्या मधल्या पट्ट्यात वाचतात.

पठारावर माती उथळ आणि दरीत खोल का?

माथ्यावर तयार होणारी माती पाऊस खाली नेतो. उतारावर मुरूम आणि पातळ थर उरतो, पायथ्याशी आणि तळाशी बारीक माती साचते. बेसॉल्टच्या प्रदेशात माथ्यावर काही सेंटिमीटर तांबूस, खडेदार माती आणि नदीकाठी मीटरभराहून खोल काळी माती, असा क्रम एकाच गावाच्या शिवारात दिसतो. फार पाऊस असलेल्या माथ्यांवर सिलिका वाहून जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम उरते आणि जांभ्याचे कवच बनते. पाचगणीचे टेबललँड आणि कासचा सडा हे असे जांभ्याचे माथे. त्यावर झाडे नीट धरत नाहीत, पावसाळ्यात उथळ पाणी साचते आणि त्याच्यापुरत्याच वनस्पती उगवतात. ‘पडीक जमीन’ समजून तिथे माती पसरून झाडे लावणे म्हणजे असलेले जीवन मारणे.

पठाराची झीज कधी हजारो किलोमीटरवरचे मैदान घडवते. इथिओपियाच्या उंच प्रदेशात सुमारे १,८०० मीटरवरच्या ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल तिथला गाळ घेऊन जात असे, आणि इजिप्तची शेती त्या गाळावर उभी राहिली. चीनचे लोएस पठार तर वाऱ्याने आणलेल्या धुळीचेच आहे, थर अनेक ठिकाणी १०० मीटरहून जाड. पीत नदीचा पिवळा रंग तिथल्या मातीचा.

पठारी भागात विहीर किंवा बोअरला पाणी लागेल की नाही कसे ठरते?

घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी धरायला जागा जवळपास नसते. पाणी असते ते कुजलेल्या मुरुमात, भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यात. म्हणून ५० मीटरवरच्या शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले याचा आपल्याला काही उपयोग नाही. जागा पाहताना:

उन्हाळ्यात उतारावर एका आडव्या रेषेत हिरवळ किंवा ओल दिसते का ते बघा. तो बहुधा दोन थरांचा सांधा. जवळच्या विहिरीच्या भिंतीत मुरुमाची जाडी मोजा. ओढे ज्या सरळ रेषांत वाहतात त्यांच्या छेदाकडे लक्ष द्या. पठाराचा अरुंद माथा टाळा, तिथले पाणी कडेच्या झऱ्यांतून निघून जाते. थरांमधली लाल, चिकण मातीची पट्टी लागली तर तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही, आणि आवरण-पाइप नसेल तर बोअर तिथे ढासळते.

गाळाच्या खोऱ्यात साठा मोठा, पण पाणी गोडच असेल असे नाही. विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यात गाळ जाड आहे, तरी मोठ्या पट्ट्यात भूजल खारे आहे.

नकाशावर पठार आणि दरी कशी वाचायची?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. समोच्च रेषांतले (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतले) उंचीचे अंतर बहुतेक नकाशांवर २० मीटर, तरी तळटीप वाचून खात्री करा.

आधी रेषांची दाटी पाहा. मोठ्या भागात रेषा विरळ आणि मग एका पट्ट्यात एकदम दाट, म्हणजे पठार आणि त्याचा कडा. मग वाकणे पाहा: रेषेचे टोक चढाच्या दिशेला असेल तर दरी, उताराच्या दिशेला असेल तर डोंगरसोंड. नवशिके इथेच उलटे वाचतात, म्हणून रेषांवरचे आकडे आधी वाचा, आकार नंतर.

उतार काढायचा तर: कडा ९०० मीटर, तळ ६०० मीटर, नकाशावर अंतर २.४ सेंटिमीटर. म्हणजे १,२०० मीटरमध्ये ३०० मीटरचा उतार, १:४, म्हणजे २५ टक्के, म्हणजे सुमारे १४ अंश. टक्के आणि अंश एकच समजणे ही सर्रास होणारी चूक. ४५ अंश म्हणजे १०० टक्के.

छेद (जमिनीचा उभा काप) काढताना उभे प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतले तर उंची पाचपट फुगते आणि वरचा १४ अंशांचा उतार कागदावर ५१ अंशांचा दिसतो. किती पट फुगवले ते छेदाखाली लिहायलाच हवे.

संगणकावर पाणलोट क्षेत्र काढले तर चुकीचे येते, कारण?

नेहमीचा क्रम: उंचीचे रास्टर (चौकोनी घरांचा नकाशा, प्रत्येक घरात एक उंची) घेणे, प्रक्षेपण मीटरमध्ये बदलणे, माहितीतल्या चुकीने आलेले खोटे खड्डे भरणे, प्रवाहाची दिशा, प्रवाहाचा संचय (प्रत्येक घरात वरच्या किती घरांचे पाणी येते), निर्गम बिंदू (पाणी बाहेर पडण्याची जागा) ठेवणे, सीमा काढणे. बिघाड बहुधा पुढीलपैकी असतो.

क्षेत्र एक-दोन घरांपुरतेच आले, तर निर्गम बिंदू प्रवाहाच्या घरावर बसलेला नाही. तो जास्त संचयाच्या जवळच्या घरावर सरकवा. उतार हजारो टक्के आला, तर आडवे माप अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली आहे. सपाट माथ्यावर किंवा जलाशयावर ओढे समांतर, पट्टीने आखल्यासारखे दिसले, तर ती खड्डे भरल्याची खूण. तिथे नकाशावरचे खरे ओढे वापरा. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशातून रडारने मोजलेल्या एसआरटीएम या उंचीच्या माहितीत दाट जंगलात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची येते, शिवाय अरुंद घळया ३० मीटरच्या घरात पुसल्या जातात. ३० मीटरच्या घरांत १ चौरस किलोमीटरला सुमारे १,१११ घरे बसतात. ओढा सुरू होण्याची मर्यादा (किती घरांचे पाणी जमले की ओढा धरायचा) ठरवताना हा आकडा हाताशी ठेवा. एकच मर्यादा कोरड्या पठाराला आणि ओल्या कड्याला लावली की एकीकडे नसलेले ओढे उगवतात, दुसरीकडे असलेले गायब होतात.

सारखाच पाऊस पडून एका खोऱ्यात पूर येतो, दुसऱ्यात नाही. असे का?

खोऱ्याचा आकार हे मोठे कारण. पंख्यासारख्या गोल खोऱ्यात सगळ्या उपनद्यांचे पाणी एकाच वेळी मुखाशी पोहोचते, पूर उंच आणि आखूड येतो. लांबट खोऱ्यात ते टप्प्याटप्प्याने येते. माथ्यावर उघडा कातळ असेल तर पाणी मुरत नाही, ओढा तासाभरात फुगतो. तळाच्या संगमावर आणखी एक गोष्ट घडते: मुख्य नदी भरली की उपनदीला निचरा मिळत नाही आणि तिचे पाणी मागे चढते, तिच्या स्वतःच्या खोऱ्यात पाऊस थांबला असला तरी. घरासाठी जागा पाहताना नदीलगतची पहिली सपाट पायरी नदीची समजावी, जुनी माणसे ‘इथे पाणी येत नाही’ म्हणाली तरी.

कोणत्या उतारांवर दरड कोसळण्याचा धोका जास्त?

घट्ट खडकावर कुजलेल्या मातीचा जाड थर, वर सपाट जागा जिथे पाणी मुरते, आणि खाली रस्त्यासाठी किंवा शेतासाठी कापलेला पायथा. पाणी थरांच्या सांध्यापर्यंत मुरते, तिथे अडते, दाब वाढतो आणि वरची माती खडकावरून सुटते. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे जुलै २०१४ मध्ये दीर्घ मुसळधार पावसानंतर असाच उतार गावावर आला. पूर्वखुणा: उताराच्या माथ्याशी कमानीसारख्या भेगा, झाडे आणि विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, नितळ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणे किंवा तो आटणे. भेग दिसली तर पाणी आत जाणार नाही असा चर वरच्या बाजूला काढतात, पण पाऊस चालू असेल तर आधी जागा सोडायची.

धरणाला पठाराची कडच का निवडतात?

अरुंद घळईत भिंत लहान बसते, मागे पठारावरची रुंद दरी पाणी साठवते आणि पुढे पाण्याला पडायला उंची मिळते. कोयनेचे पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या पायथ्याशी सोडून वीज निर्माण होते, ती या कड्याच्या उंचीमुळेच. किंमत पाणलोटाला मोजावी लागते: पठाराचा गाळ जलाशयात अडतो आणि मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशाला मिळत नाही.

पठार शेवटी संपते का?

संपते. दऱ्या रुंद होत जातात, पठाराचे तुकडे पडतात. रुंद सपाट माथ्याचा तुकडा म्हणजे मेसा, रुंदीपेक्षा उंची जास्त उरली की ब्यूट, मग नुसता सुळका. मनमाडजवळची हडबीची शेंडी अशा उरलेल्या सुळक्यांपैकी. मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्टही होते: दऱ्यांतून एवढे वजन वाहून गेल्यावर भूकवच हलके होऊन वर येते, आणि पठाराची सरासरी उंची घटत असतानाही न झिजलेले माथे काही काळ उंचावत राहतात.